मघाचं गंगाळ

"झाकण लाव म्हणे, झाकण लाव! आभाळाले कोणी झाकण लावलं हाय का आजपावतर?"

माणिकबाई हे गंगाळाला सांगत होत्या. पण आवाज असा मापात ठेवला होता, की दाराआड केस विंचरणाऱ्या सुनेच्या कानात शब्द न् शब्द पडावा, आणि ती काही बोललीच तर ‘तुले कोणी म्हणलं वं?’ असं विचारायची सोय राहावी. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ही कला चांगली कमावली होती.

साधनानं दातात धरलेला चाप केसांत खोवला आणि गप्प राहिली. गंगाळाच्या बाबतीत या घरात सगळेच गप्प राहायचे.

गंगाळ पितळेचं होतं, माणिकबाईंच्या लग्नातलं, त्यांच्या वडिलांनी मोर्शीच्या बाजारातून आणलेलं. दोन बाजूंना कान, बसकं पोट आणि तोंड एवढं रुंद, की नातीला तान्हेपणी त्यातच बसवून न्हाऊ घातलं होतं. वर्षाचे दहा महिने ते माळ्यावर पालथं असायचं. आषाढ लागला की खाली उतरायचं, चिंचेनं घासलं जायचं आणि अंगणातल्या फरशीवर, भाजीच्या कॅरेटांच्या शेजारी, उघड्या आभाळाखाली जाऊन बसायचं. मघा नक्षत्राच्या पाण्याची वाट पाहत.

मघा येते ऑगस्टच्या मध्यावर आणि जेमतेम दोन आठवडे राहते. त्या दिवसांत पडलेलं पाणी म्हणजे औषध, असं इकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या मानतात. ते वर्षभर टिकतं, नासत नाही, त्यात किडा म्हणून पडत नाही. लेकराचे डोळे आले, टाका दोन थेंब. पोट दुखलं, पाजा चमचाभर. माणिकबाईंनी त्यात आपले नियम घातले होते. भांडं आधी महिनाभर दुसऱ्या नक्षत्रांच्या पाण्यानं मुरलं पाहिजे. ते पाणी मघा लागायच्या आदल्या दिवशी वांग्यांना घालायचं. मग मघेचं पाणी साठू लागलं, की नक्षत्र निघेपर्यंत त्यावर झाकण ठेवायचं नाही, ते ओतायचं नाही, हलवायचं नाही. शेवटच्या दिवशी फडक्यातून गाळून बाटल्या भरायच्या. निम्म्या घरच्या, निम्म्या आळीतल्या लेकरांच्या. आळीतल्या बाया त्या दिवशी आपापली बाटली घेऊन यायच्या.

हे सगळं एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पंचाईत एवढीच होती, की या घरची सून गावची आशा सेविका होती.

साधना दर गुरुवारी हातात टॉर्च आणि काखेत रजिस्टर घेऊन घरोघर फिरायची आणि एकच गोष्ट शंभर तोंडांनी सांगायची. आज कोरडा दिवस. टाकी रिकामी करा, माठ घासा, कुलरमधलं पाणी ओता, गच्चीवरचं टायर फेका. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, आणि तो डास दिवसाढवळ्या लेकरांना चावतो. एवढं सांगून ती घरी यायची, तर अंगणात सासूचं गंगाळ तोंड उघडून बसलेलं.

बरं, सासूशी भांडावं, तर तिच्याच जोरावर हिची नोकरी. सात वर्षांपूर्वी गावात आशाची जागा निघाली, तेव्हा सासरे वामनराव म्हणाले होते, "माळ्याच्या सुनेनं दारोदार फिरावं का आता?" त्यावर माणिकबाईंनी सांबाराची जुडी (पुण्याकडचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात) सुतळीनं आवळता आवळता उत्तर दिलं होतं, "मी डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन चाळीस गल्ल्या फिरली, तवा तुमची इज्जत कोन्त्या गावाले गेली होती?" साधना ट्रेनिंगला अमरावतीला गेली, तेव्हा तिच्या तान्ह्या लेकीला, प्रियदर्शनीला माणिकबाईंनी सांभाळलं. साधना परत आली की तिला समोर बसवून विचारायच्या, "आज काय शिकोलं?"

आणि शिकलेलं खरोखर मनावर घ्यायच्या. पावसाळ्यात घरात उकळून गार केलेल्या पाण्याशिवाय थेंब नाही. रविवारी नातीची नखं. शाळेतून भिजून आली की आधी कोरडं डोकं, मग आजीचा पापा. फाट्यावरची उघडी भजी आणि रंगीत बर्फगोळा पाहिला, की माणिकबाई गाडीवाल्यालाच दहा मिनिटं धारेवर धरायच्या. समोरच्या मनकर्णाबाईंच्या नातवाच्या बारशाला पंगत बसली होती, पहिला घास उचलायचा तेवढा बाकी. माणिकबाई ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "पोट्टेहो, उठा सगळे! साबण लावल्याबिगर जो बसन त्याले बुंदी नाई." अख्खी पंगत उठली. दोन-तीन बापेही उठले.

साधना नवऱ्याला, नितेशला म्हणायची, "खरी आशा तर आईच आहेत. मी नुसती सही करते."

राहता राहिलं गंगाळ.

ते का राहिलं, ते साधनाला लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं. तिचं माहेर हिवरखेडचं. तिकडे घरात मनात आलं ते बोलून मोकळं व्हायची रीत. नवी नवरी सहज म्हणून गेली, "एवढं पाणी कशाला साठवतात आई?" वामनराव ताटावरून उठले. नितेशनं तिला गोठ्याकडे नेलं आणि हळू आवाजात सांगितलं.

त्याच्या आधी एक भाऊ होता. चंदन. चार वर्षांचा असताना पावसाळ्यात हगवण-उलट्या लागल्या. नदीला पूर, परतवाड्याची गाडी बंद. गेला. त्या वर्षी मघा कोरडी गेली होती, घरात मघाचं पाणी नव्हतं. पुढच्या वर्षी नितेशला तेच झालं. तेव्हा घरात बाटली होती. आईनं दोन दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. मघाच्या पाण्यात गुळाचा खडा आणि चिमटीभर मीठ टाकून, दर पाच मिनिटांनी एक चमचा. तो वाचला.

"तवापासून गंगाळ," नितेश म्हणाला. "अन् चंदनचं नाव घरात कोणी घेत नाई. तूबी नको घेऊ."

पुढे ट्रेनिंगमध्ये बाईंनी फळ्यावर लिहिलं, एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साधनाच्या हातातलं पेन थांबलं. नितेशला कशानं वाचवलं ते तिला त्या दिवशी कळलं. गुळानं, मिठानं आणि न थकलेल्या चमच्यानं. पाणी मघाचं होतं की विहिरीचं, त्यानं काही फरक पडला नसता. पण ती घरी आली आणि सासूनं विचारलं, "आज काय शिकोलं?" तेव्हा म्हणाली, "हात धुवायचं शिकवलं, आई."

आता मघेचा चौथा दिवस होता आणि गुरुवार होता. आरोग्य सेवक धर्मेंद्र तपासणीला आला होता. पोरगा कामाला पक्का, पण माणिकबाईंच्या हातच्या चहाला कच्चा. दोघं आळीतून निघाले. मनकर्णाबाईंच्या घरामागे जुन्या टायरमध्ये पाणी होतं. साधनानं टॉर्च मारला, आणि पाण्यात स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळल्या.

"टायर आमच्या धाकल्याचं हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "झुला बांधाचा हाय म्हणे त्याले. दोन वरसं झाले, झुला बांधूनच राहिला."

"ओता मावशी. आत्ता, माझ्यासमोर."

मनकर्णाबाईंनी टायर उपडं केलं. मग कंबरेवर हात ठेवून समोरच्या अंगणाकडे बघितलं. गंगाळ उन्हात चमकत होतं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं, ते साधनाला दिसलं. पण गेल्या वर्षीच्या दोन बाटल्या मनकर्णाबाईंच्या फडताळात होत्या. आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि म्हणाल्या, "चहा घेता का?"

मग शेवटचं घर, एक्केचाळीस नंबर. म्हणजे साधनाचंच. माणिकबाईंनी धर्मेंद्रला पाट दिला, चहा दिला आणि सगळी भांडी उघडून दाखवली. माठ कोरडा, बादल्या पालथ्या, फ्रिजमागचा ट्रे पुसलेला. धर्मेंद्र गंगाळाजवळ आला. वाकला. टॉर्च लावला. साधनाही वाकली. दोघांनी एकाच वेळी पाहिलं आणि एकाच वेळी मान वर केली.

"हे मघाचं ना, मावशी?" धर्मेंद्रनं विचारलं.

"मंग! यात किडा पडत नाई बापू. पाह्य चांगला डोये भरून."

"पाह्यलं मावशी." धर्मेंद्रनं टॉर्च विझवला. "चहात आलं मस्त झालं हो."

रजिस्टर साधनाच्या हातात होतं. घर एक्केचाळीस. तपासलेली भांडी, सहा. अळ्या आढळलेली भांडी... पेन थोडं थांबलं आणि तिनं एक गोल शून्य काढलं. सात वर्षांत तिनं लिहिलेलं ते पहिलं खोटं. धर्मेंद्र दुसरीकडे बघत होता. चांगल्या माणसांना दुसरीकडे बघायला फार लवकर जमतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र मजा झाली. भाजीचा टेम्पो सहाला निघतो, म्हणून पाचलाच घर जागं असतं. माणिकबाई न्हाणीत होत्या, तेवढ्या दहा मिनिटांत साधना एक मच्छरदाणीचा तुकडा घेऊन अंगणात आली. निदान गंगाळावर जाळी टाकावी, म्हातारीला दिसायच्या आत काढून घ्यावी, असा तिचा बेत. बघते तो गंगाळाशी वामनराव उकिडवे बसलेले. खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात बुडवून ते काहीतरी गाळत होते.

"बाबा?"

वामनराव दचकले. "काई नाई. दुपट्टा धुऊन राहिलो."

"मघाच्या पाण्यात?"

तेवढ्यात मागच्या दारातून नितेश पाय न वाजवता आला. हातात पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी, त्यात चार गप्पी मासे. धर्मेंद्रकडून मागून आणलेले. हे मासे अळ्या खातात.

"तुमी कवापासून गाळून राहिले?" नितेशनं बापाला विचारलं.

"तीन वरसं झाले," वामनराव म्हणाले. "तुमची पोट्टी झाली तवापासूनच खरं म्हणजे. मधात सोडून देलं होतं."

"अन् मी बाटल्यांमधलं पाणी गुपचूप उकळून परत भरते," साधना म्हणाली. "चार वर्षं."

वामनराव तोंडावर ओला दुपट्टा धरून हसले. हसता हसता म्हणाले, "मंग सांगत काहून नाई वं तिले कोणी?"

"तुम्ही सांगा ना बाबा."

त्यांचं हसू थांबलं. "मी नाई सांगू शकत," ते म्हणाले. "मी तर नाईच." आणि सांबाराच्या जुड्यांकडे निघून गेले.

न्हाणीचं दार वाजलं. नितेशनं मासे सोडले आणि दोघं पांगले.

आठ वाजता माणिकबाईंची हाक अख्ख्या आळीनं ऐकली. "अवं साधना! मघेत मासे पडले! आभाळातून!" प्रियदर्शनी टाळ्या पिटत धावली. मनकर्णाबाई ओटा उतरून आल्या, डोकावल्या आणि धर्मेंद्रच्या टाकीतले मासे ओळखूनही म्हणाल्या, "बाप्पा! नशीब लागते माय." माणिकबाईंनी गडवा बुडवून चारही मासे एकेक करून काढले. "पाण्यात मासे ठेवून कसं चालन? ते घान करतीन," म्हणाल्या. नातीचं बोट धरून त्या मळ्यात गेल्या आणि मासे विहिरीत सोडून आल्या. जाताना त्यांनी सुनेकडे एक नजर टाकली. साधनाला तेव्हा ती नुसती नजर वाटली.

तीन दिवसांनी प्रियदर्शनी शाळेतून आली ती दप्तर घेऊनच आडवी झाली.

"आई, डोळ्यांच्या मागं दुखते," म्हणाली.

साधनानं तिच्या कपाळाला हात लावला. पोरगी सात वर्षांची, तापानं फणफणलेली, गाल लाल. घरोघर जे सांगायची ते सगळं साधनाला पाठ होतं, पण आपल्याच लेकराच्या कपाळावर हात ठेवला की पाठांतर कुठे पळतं ते पळतं. माणिकबाई म्हणाल्या, "तू बस. काय कराचं ते मले सांग, मी करतो." तेव्हा तिचं तोंड उघडलं. वजनाच्या हिशेबानं पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही तापाची गोळी नाही. कोमट पाण्यानं अंग पुसायचं. घोट घोट पाणी, पेज, मीठ-साखरेचं पाणी. लघवी होते की नाही, लक्ष ठेवायचं. सकाळी धर्मेंद्रनं रक्त घेतलं, नमुना अमरावतीला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, डेंगू हाय. घाबरू नका, प्लेटलेट ठीक हायेत सध्या. पण ताप उतरला म्हणजे बरं झालं, असं समजू नका. ताप उतरल्यावरचे दोन दिवसच खरे."

"मला माहिती आहे, भाऊ. मीच सांगते लोकांना."

"अन् ताई... आळीतले आणखी दोन पोट्टे तापले हायेत. एक मनकर्णाबाईंचा."

साधनानं फोन ठेवला आणि अंगणातल्या गंगाळाकडे बघितलं.

ताप आल्यापासून पाच दिवस माणिकबाई त्या पोरीच्या उशापासून हलल्या नाहीत. वाटी, चमचा आणि घड्याळ. दर पाच मिनिटांनी एक चमचा. प्रियदर्शनी कुरकुरली की म्हणायच्या, "हा घोट लाकडी नंदीसाठी. परवा तान्हा पोळा हाय, नंदी कोण ओढन? मी ओढू का या वयात?" नंदीसाठी घोट, त्याच्या घुंगरांसाठी घोट, शेपटीसाठी घोट. नंदीचा एकही अवयव उरला नाही, तेव्हा गाडीची चाकं मोजायला घेतली.

एक गोष्ट साधनाच्या लक्षात आली. उशाशी गेल्या वर्षीची मघाची बाटली ठेवलेली होती. माणिकबाई तिला हात लावत नव्हत्या. चमचा चुलीवरच्या उकळलेल्या पाण्यात बुडत होता. साधनाला वाटलं, बाटली विसरल्या असतील.

चौथ्या दिवशी ताप उतरला. दोन दिवस सगळ्या घराचा जीव मुठीत. पोटात दुखतं का, हिरड्यांतून रक्त येतं का, पोरगी सुस्तावते का. साधना तासातासाला नखं दाबून बघायची. वामनराव ओट्यावर बसून एकच जुडी सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. मग सहाव्या दिवशी सकाळी प्रियदर्शनी उठून बसली आणि म्हणाली, "आजी, मला फोडणीचा भात." नितेश गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तो मघेचा शेवटचा दिवस होता.

दुपारी ऊन पडलं. आळीतल्या बाया एकेक करून अंगणात जमल्या. प्रत्येकीच्या हातात धुतलेली बाटली. कुणाची सरबताची, कुणाची औषधाची. मनकर्णाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तोही तापातून उठलेला, मांजराच्या पिल्लासारखा हलका झालेला. धर्मेंद्र मुलांना बघायला आला होता, तोही टेकला. गंगाळ मध्ये, काठोकाठ.

साधना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ठरवलं होतं. आज हे पाणी एकाही लेकराच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही. सासू वर्षभर बोलली नाही तरी चालेल. चंदनचं नाव घ्यावं लागलं, तरी घ्यायचं. वाक्य तयार होतं. ती उंबऱ्यापर्यंत आली, आणि माणिकबाईंच्या पाठीवरचा जुना, ठिगळाचा पदर पाहून वाक्य तिथंच अडलं.

"भाऊ, या वर्षी डास फार झाले," एक बाई धर्मेंद्रला म्हणाली.

"नाल्यानं होतात ते," मनकर्णाबाई घाईनं म्हणाल्या. "ग्रामपंचायतवाले नाला काढत नाईत."

"शायेच्या मागं खड्डा हाय ना," दुसरीनं भर घातली.

"संत्र्याच्या बगिच्यात टाक्या बांधल्या हायत लोकायनं," वामनराव खाली मान घालून म्हणाले.

"कोन्ता डास कोणाले चावला, ते तसं सांगता येत नाई," धर्मेंद्र म्हणाला. हे खरंच होतं, पण तोही गंगाळ सोडून सगळीकडे बघत होता.

प्रियदर्शनी आजीला टेकून बसली होती. अंथरुणात पडून पडून कंटाळलेली. आईचं रजिस्टर तिच्या हाती लागलं होतं. दुसरीत गेल्यापासून तिला दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय. बिस्किटाचा पुडा, एसटीची पाटी, काहीही. बोट ठेवून वाचू लागली.

"घर क्रमांक चाळीस. मनकर्णाबाई. भांडी चार. अळ्या एक." सगळे हसले. पोरीला चेव आला. "घर क्रमांक एक्केचाळीस. वामनराव. आजी, आपलं घर! भांडी सहा. अळ्या... शून्य."

हसणं थांबलं.

"किती?" माणिकबाईंनी विचारलं.

"शून्य, आजी. हा बघ ना, गोल. आईनं काढलाय."

माणिकबाईंनी कमरेची चष्म्याची डबी काढली. चष्मा पुसला, लावला. त्या गोल शून्यावर बोट ठेवलं. मग तेच बोट उचलून गंगाळाकडे वळल्या आणि वाकून बघितलं. घाई न करता. पाण्यात दुपारचं ऊन तळापर्यंत गेलं होतं, आणि त्या उन्हात जे होतं ते वर-खाली होत होतं.

"साधना."

"आई..."

"तू आजपावतर कोणाच्या घरचं खोटं लेहलं?"

"नाही आई."

"मंग माह्याच घरचं काहून?"

साधना उंबरा ओलांडून अंगणात आली.

"मासे आभाळातून पडत नाईत, येवढी अक्कल हाय मले," माणिकबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "अन् बुढ्याच्या दुपट्ट्याले पितळेचा हिरवा डाग कुठून येते, तेबी समजते. धुतो तर मीच ना. बाटलीतलं पाणी तू उकळते, तेबी. मी म्हणलं, करतात तर करू द्या. मले बोलावं लागत नाई ना." त्यांनी मनकर्णाबाईंच्या मांडीवरच्या पोराकडे बघितलं, मग आपल्या नातीकडे. "सगळे मले सांभायत राह्यले. अन् लेकरं तापले."

त्या उठल्या. लुगड्याचा पदर खोचला. गंगाळाचे दोन्ही कान धरले आणि एका हिसक्यात उपडं केलं. पितळ फरशीवर असं वाजलं, की गोठ्यातली गाय उभी राहिली. पाणी अंगणभर पसरलं, बायांनी पाय वर घेतले, कॅरेटांखालून, चुलीच्या राखेतून ते वाट काढत उन्हात गेलं.

"अवं माय!" मनकर्णाबाईंच्या तोंडून निघालंच. "वरसाचं औषध सांडलं! नितेश याच पाण्यानं वाचला ना वं तुहा! त्या वरशी घरात पाणी नव्हतं म्हून तं तो..." आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

वामनराव हळूच म्हणाले, "राहू दे आता, माणिक."

"नाई. तीस वरसं राहू देलं," माणिकबाई म्हणाल्या. रिकाम्या गंगाळाशेजारी त्या खाली बसल्या आणि नातीला कुशीत ओढून घेतलं. "त्या वरशी मघा कोरडी गेली नव्हती. पाणी होतं घरात. चंदनले मी हेच पाजलं होतं."